कंबोईचा काळा चिखल आणि आत्याचा प्रश्न

मागच्या रविवारी आत्याला स्तंभेश्वराच्या दर्शनाला घेऊन गेले होते, कावी कंबोईला, बडोद्याहून साधारण ७५ किलोमीटर. मंदिर दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातं म्हणून वेळ बघूनच निघावं लागतं, आणि ओहोटी लागली की नजर पोचेल तिथवर नुसता चिखल, त्यावर निवट्या उड्या मारत असतात. आत्या नाकाला पदर लावून म्हणाली, अगं इथे कोणी गटार सोडलंय का? मी म्हटलं नाही गं, हा चिखलाचा स्वतःचा वास आहे. मग परत येताना गाडीत तासभर हाच विषय.

माझं पीएचडीचं काम याच चिखलावर आहे. पीव्हीसीचा पाईप उभा दाबायचा, वरून बूच घट्ट लावायचं आणि हळूहळू वर ओढायचा, घाई केली की चिखल खालून निसटतो. पाईपातला चिखल उभा चिरला की वरचे दोन-तीन मिलिमीटर तपकिरी, आणि त्याखाली काजळासारखा काळा. तो वरचा पातळ थर एवढीच ऑक्सिजनची पोच. त्याखालच्या जिवाणूंना श्वास घ्यायला दुसरं काहीतरी लागतं, आधी नायट्रेट, मग मँगनीज, लोह, आणि मग सल्फेट. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सल्फेट जवळजवळ २.७ ग्रॅम असतं, म्हणजे संपता संपत नाही. ते वापरलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच सडक्या अंड्याचा वास, आणि तो लोहाला धरला की काळा रंग. किनाऱ्याजवळच्या गाळात जेवढं काही कुजतं त्यातलं साधारण निम्मं या सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंच्या वाट्याला येतं, हे डेन्मार्कच्या योर्गेनसेन यांनी १९८२ सालीच दाखवून दिलं.

एकदा एक तुकडा रात्रभर टेबलावर उघडा राहिला, सकाळी बघते तर वरून सगळा तपकिरी, सुरीने कापला तर आत तसाच काळा. हवा लागली तेवढंच बदललं होतं. नमुना वाया गेला त्याचं वाईट वाटलं, पण पुस्तकात वाचलेलं डोळ्यांसमोर घडलं ते त्या दिवशी.

मग आत्याने विचारलं, ऑगस्ट २०२४ च्या पुरात बडोद्यातल्या समा भागातल्या आमच्या घरात एवढा गाळ आला, त्याला हा अंड्याचा वास का नव्हता? मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात आहे! गोड्या पाण्यात सल्फेट अगदी थोडं, ते लवकर संपतं आणि मग मिथेन वायू बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. खाऱ्या चिखलात सल्फेटवाले जिवाणू हायड्रोजन आणि ॲसिटेट हे दोघांचं खाद्य आधीच पळवतात, मिथेनवाले बरेचसे उपाशी राहतात. मिथेनला वास नसतो पण १०० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटीहून जास्त तापवतो. १७७६ मध्ये इटलीत व्होल्टाने तळ्यातला गाळ काठीने ढवळून जे बुडबुडे बाटलीत धरले तेच हे, आणि उन्हाळ्यात बडोद्यातल्या काळाघोड्याच्या पुलावरून विश्वामित्री नदीत बघा, संथ पाण्यात असेच बुडबुडे वर येताना दिसतात. (खाली उतरू नका, मगरी आहेत.)

विश्वामित्री पावागढावरून येते, शहरातून जाते, ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंबातच्या आखाताला. म्हणजे आपण नदीत जे सोडतो ते शेवटी तिवरांच्या मुळाशी पोचतं. तिवरांच्या जंगलातला बहुतेक कार्बन झाडात नाही, खालच्या चिखलात असतो, ऑक्सिजन नसल्यामुळे तो सावकाश कुजतो आणि शेकडो वर्षं तिथेच पडून राहतो. त्यात सांडपाण्याचं खत आणि घाण भरमसाट आली, पाणी गोडं झालं, की तोच चिखल जास्त मिथेन सोडायला लागतो. गुजरातमध्ये १,१७५ चौरस किलोमीटर तिवरं होती २०२१ च्या वन अहवालाप्रमाणे, पश्चिम बंगालनंतर देशात दुसरा नंबर, आणि याचा मला खूप अभिमान आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की किती रोपं लावली याच्यासोबत खालचा गाळही मोजायला हवा, दर वर्षी, त्याच जागी. नदीचं पाणी साफ करणं आणि तिवरं लावणं ही दोन वेगळी खाती ठेवून चालणार नाही.

आत्याला घरी सोडलं तर उतरता उतरता म्हणाली, पुढच्या वेळी तो पाईप मलापण दाखव. पुढच्या अमावस्येच्या मोठ्या ओहोटीला जायचं ठरलंय, तिच्यासाठी गमबूट शोधतेय, पाच नंबरचे कुठे मिळतात कोणाला माहीत असेल तर सांगा.