स्क्रीन विझू न देणारा अंगठा

“गेले का पैसे? की नुसतं गेले म्हणतंय?”

बाबांनी आज पहिल्यांदा मोबाइलवरून पैसे पाठवले आणि समोरच्याचा फोन येईपर्यंत स्क्रीन विझू दिली नाही. अंगठ्याने सारखी जागी ठेवत होते.

इतकी वर्षं मी फायदे सांगून थकले. सुट्ट्या पैशांची कटकट नाही, रांग नाही. ढिम्म! आज कारण विचारलं तर म्हणाले, “मित्रांचा हिशोब होताना सगळे माझ्यासाठी थांबतात गं.”

संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं, की नवं तंत्रज्ञान उपयोगी आणि सोपं वाटलं तर माणूस ते वापरतो. २००३ मध्ये संशोधक विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांच्या मांडणीत आजूबाजूच्या माणसांचा प्रभावही आला. (मी मात्र पहिल्याच धड्यावर अडकलेली.)

तुमच्या घरी कशामुळे सुरू झालं?