माहेरी उपाशी, सासरी तुपाशी: एका रायफलची गोष्ट

बंदुकीला बाटलीचं झाकण उघडायचा ओपनर असतो असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण खरंच आहे. इस्रायलच्या गलील रायफलचं एआरएम नावाचं मॉडेल होतं, त्याला पुढे दोन पायांचा बायपॉड, उचलायला वर हँडल, बायपॉडमध्येच काटेरी तार कापायची सोय आणि त्याच्यासोबत चक्क ओपनर. कारण काय, तर सैनिक लोक बाटल्या उघडायला मॅगझिनच्या (म्हणजे रायफलला खालून लागणारी गोळ्यांची पेटी) तोंडाची कड वापरायचे, ती कड जरा जरी वाकली तरी गोळ्या नीट सरकत नाहीत आणि ऐनवेळी रायफल अडकते. मग डिझाइनवाल्यांनी विचार केला की ह्यांना ओरडून काही फरक पडणार नाही, त्यापेक्षा ओपनरच देऊन टाकू. मला हा प्रकार भयंकर आवडला आणि तिथून मी ह्या गलीलच्या नादी लागलो, गेले कित्येक दिवस दुसरं काही वाचतच नाहीये, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात ते हेच.

तर सुरुवात १९६७ पासून. सहा दिवसांच्या युद्धात इस्रायली सैन्याकडे मुख्य रायफल होती बेल्जियमची एफएन फाल. चांगली रायफल, जगभर वापरली गेलेली, पण लांबलचक, जड आणि वाळवंटातल्या वाळू-धुळीत रुसून बसणारी. समोर अरब सैन्यांकडे सोव्हिएत एके-४७, तिची निगा राखा नाहीतर राखू नका, चालते म्हणजे चालते. युद्धात हजारोंनी एके हाती लागल्या आणि इस्रायली सैनिकांना त्या आपल्या रायफलींपेक्षा बऱ्या वाटायला लागल्या. शत्रूचं हत्यार आपल्यापेक्षा चांगलं वाटणं ही कुठल्याही सैन्यासाठी तशी लाजिरवाणीच गोष्ट की.

मग नवीन रायफल शोधायला चाचण्या झाल्या. त्यात अमेरिकेची एम१६ होती, स्टोनर होती, जर्मनांची एचके३३ होती, एके होतीच, आणि घरचे दोन उमेदवार. एक उझीएल गाल यांचा, म्हणजे जगप्रसिद्ध उझी सबमशीनगन ज्यांनी केली ते. दुसरा यिस्राएल गलीली यांचा. ह्या गलीलींचं मूळ आडनाव काय असावं? बालाश्निकोव्ह! कलाश्निकोव्हची कॉपी करणारा माणूस बालाश्निकोव्ह, हे मी रचून लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता फारच फिल्मी आहे. गलीली जिंकले.

कॉपी म्हटलं पण सरळ कॉपी नाही, मध्ये फिनलंड आहे. फिनलंडवाल्यांनी एकेवरूनच स्वतःची आरके ६२ बनवली होती, व्हालमेट कंपनीची, आणि एके घराण्यातली ती सगळ्यात नीटस मानली जाते. गलीली यांनी ती डोळ्यासमोर ठेवली, सुरुवातीच्या नमुन्यांचे रिसिव्हरसुद्धा (रिसिव्हर म्हणजे रायफलचा मधला मुख्य सांगाडा) फिनलंडचेच होते. गोळी मात्र घेतली ५.५६ मिलिमीटरची, अमेरिकन. आतून रशियन, वळण फिनलंडचं, गोळी अमेरिकन, घडीचा दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) बेल्जियमच्या फालसारखा, आणि कुंकू इस्रायलचं. मॅगझिन ३५ गोळ्यांचं, रात्री नेम धरायला चमकणारे ट्रिटियमचे ठिपके, आणि बोल्ट खेचायचं हँडल असं वर वळवलेलं की डाव्या हातानेही ओढता यावं. एकेत जे जे खटकायचं ते एकेक करून बदललं होतं, नुसतं नाव बदलून विकायचा प्रकार नव्हता.

एकच दुखणं, वजन. सांगाडा पत्रा ठोकून नाही तर अख्ख्या पोलादातून कोरून काढलेला, त्यामुळे टिकाऊ भरपूर पण एआरएम मॉडेल रिकामं असतानाच जवळपास ४.३५ किलो. एम१६ तीन-सव्वातीन किलोची. दिवसभर ते खांद्यावर घेऊन चालायचं असेल तर हा फरक कागदावर दिसतो तेवढा छोटा राहत नाही.

आणि आता ह्या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. रायफल निवडली गेली, सगळं ठरलं, आणि ती सैनिकांच्या हातात नीट पोचायच्या आत ऑक्टोबर १९७३ चं अरब देशांशी युद्ध आलं. अमेरिकेने विमानं भरभरून सामान पाठवलं आणि पुढच्या वर्षांत मदतीच्या नावाखाली एम१६ चा ढीग येत राहिला, जवळपास फुकटात. आता बघा, एकीकडे स्वतःच्या कारखान्यात बनणारी, महागडी, जड रायफल, तिचे पैसे स्वतःच्या खिशातून द्यायचे. दुसरीकडे हलकी, अमेरिकन मदतीतून येणारी. कुठला हिशोबनीस काय निवडेल सांगा. गलील रणगाडा दल, तोफखाना वगैरेंकडे राहिली, तिचं आखूड एसएआर मॉडेल रणगाड्यात बरं पडायचं, पण पायदळाने हळूहळू एम१६ च उचलली. म्हणजे ज्या सैन्यासाठी एवढा खटाटोप केला तिथेच पोरगी नांदली नाही.

मग नांदली कुठे? जिथे अमेरिका दार बंद करत होती तिथे. हे मला वाचता वाचता उशिरा लक्षात आलं, आधी वाटायचं चांगली रायफल म्हणून खपली असेल. चांगली होतीच, पण चांगल्या रायफली बाजारात बऱ्याच असतात हो. प्रश्न असा असतो की तुम्हाला विकायला कोण तयार आहे, आणि नुसती विकणार की कारखाना टाकून देणार.

दक्षिण आफ्रिका घ्या. वर्णभेदी राजवट, नोव्हेंबर १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव ४१८ करून शस्त्रविक्रीवर बंदी घातली, आणि त्यानंतर तीनेक वर्षांत तिथल्या सैन्याची मुख्य रायफल झाली आर४, म्हणजे गलीलच, प्रिटोरियाजवळच्या लिटलटनच्या कारखान्यात बनलेली. त्यांनी बदलही केले, तिथली माणसं उंच म्हणून दस्ता लांब केला आणि धातूऐवजी प्लास्टिकसारख्या मटेरियलचा केला, कारण उन्हात तापलेला धातू गालाला लावून नेम धरायचा म्हणजे शिक्षाच. मग तिचीच आखूड आर५, त्याहून आखूड आर६. राजवट गेली, मंडेला आले, रायफल राहिली. १६ ऑगस्ट २०१२ ला मारिकानाला संपकरी खाणकामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, ३४ माणसं गेली, तेव्हा पोलिसांच्या हातात आर५ होत्या. ओपनरवर हसत हसत वाचायला सुरुवात केली होती मी, इथे आल्यावर दोन दिवस पुढे काही वाचलं नाही.

ग्वाटेमालाची गोष्ट थोडक्यात तीच, अमेरिकन अध्यक्ष कार्टर यांच्या काळात १९७७ ला मानवी हक्कांच्या मुद्द्यावर अमेरिकन लष्करी मदत थांबली आणि ती जागा इस्रायलने भरली, गलीलसकट. तिथल्या गृहयुद्धात दोन लाखांच्या आसपास माणसं मेली किंवा गायब झाली. म्यानमारच्या लष्कराने तर स्वतःच्या कारखान्यात गलीलवरून एमए नावाची अख्खी मालिका काढली, २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर रस्त्यावरच्या फोटोंमध्ये सैनिकांच्या हातात जी दिसते ती तीच. एस्टोनियासारखं उदाहरण पण आहे म्हणा, सोव्हिएत युनियनमधून सुटल्या सुटल्या १९९३ मध्ये त्यांनी इस्रायलकडून शस्त्रं घेतली, त्यात गलील होती, त्या करारावरून तिथे राजकारण तापलं होतं खूप.

कोलंबिया मात्र वेगळं प्रकरण. तिथली सरकारी कंपनी इंदुमिल, तिने लायसन्स घेऊन गलील बनवायला घेतली आणि नुसती जुळणी करत बसली नाही, एकेक भाग घरी करायला शिकली. जंगलात, डोंगरात, पावसात वापर, त्यामुळे सैनिकांच्या तक्रारी पण खऱ्याखुऱ्या, मुख्य म्हणजे परत तेच, वजन. ह्याच अनुभवातून पुढची पिढी आली, गलील एस (इंग्रजीत ACE). तोपर्यंत इस्रायलमध्ये आयएमआय ह्या सरकारी शस्त्र कंपनीचा छोट्या हत्यारांचा विभाग २००५ मध्ये खाजगी होऊन आयडब्ल्यूआय झाला होता, आणि इस्रायली सैन्य टॅव्हॉर नावाच्या नव्या रायफलकडे वळलं होतं. म्हणजे एस निघाली तेव्हाच तिला माहीत होतं की आपल्याला परदेशीच जायचंय. प्लास्टिकचा खालचा भाग, दुर्बीण-टॉर्च लावायला पट्ट्या, बोल्टचं हँडल आता सरळ डाव्या बाजूला. आणि गोळीनुसार नंबर, एस २१, २२, २३ ही ५.५६ वाली, ३१-३२ एकेच्या ७.६२ गोळीची, ५२-५३ नाटोच्या मोठ्या ७.६२ ची. ज्याचं जसं कोठार तशी रायफल, दुकानदारी म्हणून एकदम हुशार काम. चिलीने २२ घेऊन आपल्या फामाए कारखान्यात बनवली. आपल्या लष्कराच्या २०११ च्या टेंडरमध्येही एस होती, पण ते टेंडरच २०१५ मध्ये रद्द झालं, पुढे आपण रशियाच्या एके-२०३ वर आलो, तीही अमेठीत कारखाना टाकून. सगळीकडे अट तीच.

व्हिएतनामचं वाचून मात्र मी हसलो. ज्यांनी एके हातात घेऊन अमेरिकेशी युद्ध केलं त्या देशाने एकेच्या जागी काय आणलं, तर एस ३१ आणि ३२, थान्ह होआ प्रांतातल्या झेड१११ कारखान्यात इस्रायली तंत्रज्ञानाने बनणारी. मॉस्कोहून निघालेली रायफल फिनलंड, तेल अवीव, बोगोटा असं फिरत हनोईला पोचली, आणि नंतर त्याच कारखान्याने तिच्यावरून स्वतःची एसटीव्ही मालिका काढली. मॅगझिन बदलायची पण गरज पडली नाही म्हणे. कोठारात पडलेली एकेची जुनी मॅगझिनं त्यात तशीच बसतात.