"सावली मोकळी करा," एवढंच म्हणाले होते मी

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये फोनवर मी काय बोलले, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "काका, सावली जरा मोकळी करा, झाडांना वारं लागू द्या." दोन मिनिटांचा फोन. त्याआधी त्यांनी व्हॉट्सअॅपवर तीन फोटो पाठवले होते. कॉफीच्या पानावर फिकट पिवळे ठिपके, उलट्या बाजूला त्याच जागी केशरी भुकटी. तांबेरा ओळखायला तेवढे फोटो पुरेसे होते. सल्ला द्यायला मात्र ते पुरेसे नव्हते, आणि तरी मी सल्ला दिला.

मी कोल्हापुरात पिकांच्या रोगांचं निदान करते. रोज हाताखालून जातात ती उसाची, सोयाबीनची, टोमॅटोची पानं. कॉफीचं पान वर्षातून एखाद-दुसरं. आमच्या भागात तांबेरा म्हटलं की सोयाबीन आठवतं. कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात या रोगाने सोयाबीनचं उभं पीक वाळवलेलं लोकांनी पाहिलंय. म्हणून तर सांगलीच्या कसबे डिग्रजला तग धरणारे फुले संगम, फुले किमया असे वाण तयार झाले. सोयाबीनच्या सवयीने माझ्या डोक्यात हिशेब साधा होता: सावली म्हणजे दमटपणा, दमटपणा म्हणजे बुरशी, मग सावली कमी तर रोग कमी.

सुभेदारकाकांची बाग चंदगड तालुक्यात, तिलारीच्या बाजूला. काका फौजेतून निवृत्त झालेले, सगळं गाव त्यांना सुभेदारच म्हणतं. पलटणीतला त्यांचा एक जिवलग कर्नाटकातल्या कोडगूचा, म्हणजे कूर्गचा. त्याच्या घरच्या बागेत राहून आल्यावर काकांनी तिथून अरेबिका जातीच्या कॉफीची रोपं आणली आणि काजूच्या झाडांशेजारच्या वीस गुंठ्यांत लावली. आता झाडं चार वर्षांची. हसणारे हसले. पण शाहू महाराजांनी पन्हाळ्याला चहा लावून पाहिलाच होता की! आपल्या डोंगरात नवं पीक आणून बघणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच पुढे जे घडलं ते जास्त लागलं.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती. "मॅडम, एकदा येऊन जावा. पानंच ऱ्हाईनात झाडावर."

गडहिंग्लज, नेसरी करत पोचेपर्यंत दुपार टळली होती. बांधावर उभी राहिले आणि पोटात खड्डा पडला. गेल्या वर्षीच्या फोटोत मागे पांगाऱ्याची दाट रांग दिसत होती, तिथे आता नुसतं आभाळ. बुंधे जमिनीपासून वीतभर वर कापलेले.

"हे सगळे पांगारे तोडले?"

"तुम्ही म्हणालासा ना, मोकळं करा म्हणून."

मी म्हणाले होते 'मोकळी करा', त्यांनी ऐकलं 'मोकळं करा'. एका मात्रेचा फरक, पण चूक माझीच. किती फांद्या, कुठल्या, कधी, यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं. फौजी माणूस, सांगितलेलं काम दोन दिवसांत पुरं केलं.

अख्खी बाग मात्र उघडी पडली नव्हती. भातलावणीला माणसं गेली म्हणून मधल्या पट्ट्यातली उंच झाडं तशीच राहिली होती: चार सिल्व्हर ओक, एक शिरीष, एक जुना उंबर. आणि वरच्या कोपऱ्यात दोन फणस, काकांच्या वडिलांनी लावलेले. त्यांना कुऱ्हाड लावायची काकांची छाती झाली नाही. म्हणजे एकाच बागेत, एकाच वयाच्या, एकाच ठिकाणाहून आणलेल्या झाडांवर तीन तऱ्हेची सावली आपोआप तयार झाली होती. कुणी मुद्दाम मांडला असता तरी असा प्रयोग जमला नसता.

मी भिंग काढलं आणि उघड्या भागापासून सुरुवात केली. प्रत्येक भागात दहा झाडं, झाडाच्या चारी दिशांना एकेक फांदी, फांदीवरची सगळी पानं उलटी करून बघायची. उघड्या भागात हे काम लवकर आटपलं, कारण फांद्यांवर मोजायला पानंच उरली नव्हती. शेंड्याची दोन-तीन पानं, आणि त्याखाली फळांचे घोसच्या घोस, काही लाल व्हायला लागलेले, बरेचसे हिरवेच. पान नसलेल्या फांदीवर एवढी फळं बघून जीव कासावीस होतो. काकूंनी एक पान तोडून माझ्या हातात दिलं. अंगठा फिरवला तर हळद कुटल्यासारखी केशरी पूड बोटाला चिकटली.

मधल्या पट्ट्यात, उंच झाडांखाली, पानं भरपूर आणि गडद हिरवी. तांबेरा होता, पण खालच्या जुन्या पानांवर, तुरळक. आणि फळं? उघड्या भागाच्या मानाने बरीच कमी.

तिथेच माझा सोयाबीनचा हिशेब कोलमडला. सावलीत रोग कमी आणि उन्हात जास्त, हे माझ्या सल्ल्याच्या बरोबर उलट होतं. त्या क्षणी 'सावली चांगली, ऊन वाईट' असा दुसरा सोपा निष्कर्ष काढून गाडीत बसायचा मोह झाला होता, हे कबूल करते. वरचा फणसाचा कोपरा बघितला म्हणून ते टळलं. फणसाच्या फांद्या खाली झुकलेल्या, कॉफीच्या शेंड्यांना जवळजवळ टेकलेल्या. आत वारा म्हणून नाही. तिथल्या झाडांवर फळं नावाला, आणि तरीही पानांवर तांबेरा मधल्या पट्ट्याहून कितीतरी जास्त. म्हणजे माझा जुना हिशेबही अगदीच खोटा नव्हता.

तो मुक्काम मी काकांकडेच केला. नाचणीची भाकरी, गरम कुळथाचं पिठलं आणि जेवणानंतर त्यांच्याच बागेतली, काकूंनी तव्यावर भाजलेली कॉफी. पहाटे साडेपाचला विजेरी घेऊन आम्ही पुन्हा बागेत गेलो. मला ओल बघायची होती.

उघड्या भागात शिरताच साडीचा काठ भिजला. पानं दवाने निथळत होती, थेंब कडांवरून उलट्या बाजूला उतरत होते. रात्री निरभ्र आभाळाखाली पान आपली ऊब वर सोडून देतं आणि भोवतीच्या हवेपेक्षा गार पडतं, म्हणून त्यावर दव धरतं. मधल्या पट्ट्यात वरच्या झाडांचं पांघरूण होतं, तिथली पानं हाताला नुसती गार लागली, जवळजवळ कोरडी. फणसाखाली दव फारसं नव्हतं, पण आदल्या आठवड्यातल्या अवकाळी पावसाची ओल बुंध्याशी अजून होती. काका म्हणाले, पावसाळ्यात या कोपऱ्यातली पानं दुपारपर्यंत वाळत नाहीत.

हा तांबेरा पानात शिरतो तो उलट्या बाजूने, पानाच्या श्वासरंध्रांतून. त्याचा बीजाणू रुजायला पानावर पाणी लागतं, नुसती दमट हवा पुरत नाही. त्याला २१ ते २५ अंशांची ऊब मानवते, आणि लख्ख उजेडात तो रुजायला कुचरतो. ऊन पडतं दिवसा, रोग शिरतो रात्री-पहाटे. मी झाडांना दिवसाचं ऊन मिळवून दिलं आणि त्यासोबत रात्रीचं दवही अंगावर घेतलं. शिवाय शिरल्यापासून केशरी भुकटी दिसेपर्यंत तीन-चार आठवडे किंवा जास्तही जातात. नोव्हेंबरात आम्ही बघत होतो तो रोग ऑक्टोबरातल्या रात्रींचा होता.

पण नुसत्या दवाने एवढी पानगळ होत नाही. खरं कारण त्या घोसांमध्ये होतं. ऊन जास्त मिळालं की कॉफी भरमसाट फुलते. फळं पोसताना पानांची ताकद आटते, आणि फळांनी लगडलेल्या झाडाची पानं तांबेऱ्याला लवकर बळी पडतात. कोस्टा रिकात एका अभ्यासात सावलीतल्या आणि उन्हातल्या झाडांवरची फळं मुद्दाम विरळून सारखी ठेवली होती, तेव्हा सावलीतच तांबेरा जास्त निघाला. ते वाचलेलं मला फणसाखाली उभं असताना आठवलं. सावली एका हाताने ओल धरून ठेवते आणि बुरशीला मदत करते. दुसऱ्या हाताने झाडावरचा फळांचा बोजा आवरते आणि पानांना बळ देते. कुठला हात वरचढ ठरेल, हे झाड कुठलं, किती उंच, किती दाट, यावर ठरतं. काकांच्या वीस गुंठ्यांत हे सगळं पन्नास पावलांत दिसत होतं.

फणसाखालच्या एका पानावर आणखी एक गोष्ट दिसली. केशरी डागांच्या मधोमध पांढरी, कापसासारखी साय. भिंगातून बघितल्यावर काकूंनाही दाखवली. तांबेऱ्यावर जगणारी ही दुसरी बुरशी, तीही सावलीच्या दमटपणातच पोसते. "म्हंजे रोगालाच रोग?" काकू म्हणाल्या. "व्हय काकू," म्हटलं, "अगदी तसंच." तेवढीच एकदा त्या दोघांच्या तोंडावर जरा हुशारी आली.

मग काकांनी कोडगूच्या मित्राला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पांगारे तोडल्याचं ऐकताच पलीकडून हिंदीत जो भडिमार सुरू झाला, तो मी निमूट ऐकून घेतला. त्याला तांबेऱ्यापेक्षा खोडकिड्याची धास्ती जास्त होती. अरेबिकाचा पांढरा खोडकिडा उन्हात तापलेली खोडं शोधून सालीच्या भेगांत अंडी घालतो, म्हणून तिकडे सावलीला हात लावताना दहादा विचार करतात. तो म्हणाला, आम्ही पांगाऱ्याच्या फांद्या पावसाच्या तोंडावर छाटतो, म्हणजे आत उजेड-वारा खेळतो, आणि उन्हाळ्यापर्यंत त्या पुन्हा भरून येतात. झाड तोडत नाही. जूनमध्ये मी हे एक वाक्य बोलायला हवं होतं.

कोल्हापुरात परतल्यावर ती केशरी पूड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. संत्र्याच्या फोडीसारखे बीजाणू, पाठीवर काटे, पोटाची बाजू गुळगुळीत. या अर्ध्या गुळगुळीतपणावरूनच त्याचं शास्त्रीय नाव पडलं, हेमिलिया वास्टाट्रिक्स. नावाचा उत्तरार्ध म्हणजे उजाड करणारा. १८६९ मध्ये सिलोनात हा रोग नोंदला गेला आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथले मळे कॉफी सोडून चहाकडे वळले. बुरशी ओळखण्यात माझी चूक पहिल्या दिवशीही नव्हती. मी झाडाकडे बघायचं विसरले होते.

डिसेंबरात उघड्या भागातली फळं पिकतील तशी लगेच उतरवली, उरलेली हिरवीही काढून टाकली. पैशाचं नुकसान झालं, काकांनी ते बोलून दाखवलं नाही. कापलेल्या बुंध्यांपैकी काहींना धुमारे आले. जिथे आले नाहीत तिथे पावसाळ्यात पांगाऱ्याचे पुरुषभर उंचीचे दांडे रोवायचे ठरलं. दांडे आणताना पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर गाठी नाहीत ना, एवढं मी चारदा बजावलं, कारण दक्षिणेत पांगाऱ्याला गाठी करणाऱ्या माशीने फार छळलंय. फणसाच्या खालच्या फांद्या काकांनी स्वतः कापल्या. त्याआधी बुंध्याला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. मी काही बोलले नाही.

मेच्या शेवटी पुन्हा गेले, या वेळी बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण माझ्यासमोर व्हावं म्हणून. शंभर लिटर पाण्याला अर्धा किलो मोरचूद, अर्धा किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत, लोखंडी भांडं जवळपास नको. मग मोरचुदाचं निळं पाणी हळूहळू चुन्याच्या निवळीत ओतत राहायचं आणि काठीने ढवळायचं. रंग आभाळासारखा झाला. काकांनी घासलेला खिळा त्यात बुडवला, थोड्या वेळाने वर काढला. टोकावर तांबूस झाक होती.

"चुना कमी पडला," मी म्हणाले.

त्यांनी निवळीचा आणखी एक तांब्या ओतला, खिळा पायरीवर घासून लख्ख केला आणि पुन्हा बुडवला. आम्ही तिघं त्या पिंपावर वाकून उभे. या वेळी खिळा पांढराच बाहेर आला. काकांनी तो खिशात टाकला, नोझल वर वळवलं, म्हणजे फवारा पानाच्या उलट्या बाजूला बसेल, आणि पंप पाठीवर घेऊन फणसाखालच्या झाडांकडे निघाले.