आत्याच्या गोळ्या आणि हाडं

मंगळवार, रात्री. बेळगाव.

आत्याचा डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला. कण्याचा टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.९. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली, धरतात. एक्स-रेमध्ये एक मणका दबलेला दिसतोय. तो कधी दबला हे तिला ठाऊकच नाही. पडली नाही, धडपडली नाही. मणक्याचं मोडणं बरेचदा असं गुपचूपच होतं म्हणे. उंची घटते, पाठीला बाक येतो, आणि माणूस म्हणतो वय झालं.

निपाणीला तंबाखूच्या वखारीत तिची उमेदीची वर्षं गेली. दमा जुनाच. पंप मात्र तिनं कधी मनापासून घेतला नाही. "पंपानं सवय लागते की गं, हाडं झिजतात," असं बरोबरच्या बायका सांगायच्या. मग धाप लागली की जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या. दोन दिवसांत मोकळं वाटायचं. पावसाळ्यात तर त्या गोळ्या आठवडेच्या आठवडे चालायच्या.

मला याचाच त्रास होतो. जिला हाडांची काळजी होती, तिनं हाडांना खरा धोका असलेली वस्तू जवळ केली. १० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम औषध, सगळं रक्तात जाणारं. पंपातलं बुडेसोनाइड हे स्टेरॉइड सकाळ-संध्याकाळ २०० धरलं तरी दिवसाचं ४००, आणि तेही मुख्यतः फुप्फुसात काम करणारं. दोन औषधं वेगळी, त्यामुळे आकडे थेट ताडता येत नाहीत, पण अंदाज येतो. मोठ्या डोसचा पंप वर्षानुवर्षं चालला तर हाडांवर थोडा परिणाम होऊ शकतो, हे खरं. पण नेमानं घेतलेल्या पंपामुळे गोळ्यांची वेळच कमी येते. हाडं वाचतात ती तिथं.

पोटातून घेतलेलं स्टेरॉइड हाड बांधणाऱ्या पेशींचं काम मंदावतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषू देतं. फ्रॅक्चरचा धोका पहिल्या ३ ते ६ महिन्यांतच वाढू लागतो. गोळ्या थांबल्या की तो उतरतोही, ही त्यातली दिलाशाची बाजू. मात्र बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद करायची नाही. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं. डॉक्टरांनी ती हळूहळू उतरवायला सांगितलीय.

आठवड्यातून एकदाची हाडांची गोळीही सुरू झालीय. सकाळी उपाशीपोटी, भांडंभर पाण्याबरोबर, आणि पुढं अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेला जाळते ती. आत्याला चहा लागतो उठल्या-उठल्या, ते भांडण उद्यापासून. कॅल्शियमसाठी खानापूरकडची नाचणी आहेच. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. अंबील तिला आवडते. 'ड' जीवनसत्त्व तपासायला दिलंय.

पंपाला जोडायची नळी, स्पेसर, आणलाय. पंप घेतला की चूळ भरायची, हेही शिकवलं. निपाणीच्या तिच्या मैत्रिणींना फोन करून विचारणार आहे: गेल्या वर्षात गोळ्यांचे किती कोर्स झाले? ज्यांचे वरचेवर झालेत, त्यांनी तो आकडा डॉक्टरांना सांगून हाडांची तपासणी लागेल का, हे विचारायला हवं.