बिल बाबांच्या नावावर

मी घरून काम करतो, म्हणून इंटरनेटचा खर्च कंपनीकडे मागितला, तर आज एचआरने माझं बिल दुसऱ्यांदा परत पाठवलं. कारण काय, तर कनेक्शन बाबांच्या नावावर आहे! अहो, घर बाबांचं, लाइटचा मीटर बाबांच्या नावावर, वायफायचा पासवर्डसुद्धा बाबांच्या जुन्या लूनाचा नंबर. माझ्या नावाचं बिल आणू कुठून?

७९९ चा प्लॅन, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ९४३ रुपये. रक्कम मोठी नाही, मान्य. पण दुपारी साडेतीनला माझी मीटिंग आणि आईचं यूट्यूबवरचं कीर्तन एकदम सुरू होतं, तेव्हा मीच ओरडतो, "आई, बंद कर ना जरा, आवाज तुटतोय!" ती मुकाट्याने बंद करते. बिल बाबा भरणार, कीर्तन आई सोडणार आणि काम कंपनीचं.

फोनचं तर विचारूच नका. माझा खासगी नंबर क्लायंटच्या तीन ग्रुपांवर. रात्री अकराला 'गुड मॉर्निंग टीम'.

सॅन होजेचा मावसभाऊ सांगत होता, कॅलिफोर्नियात २०१४ सालीच अपील कोर्टाने म्हटलंय की कामासाठी स्वतःचा फोन वापरावा लागला, तर बिलातला वाजवी वाटा मालकाने द्यायचा. प्लॅन अनलिमिटेड असला तरी! माझ्या ऑफर लेटरमध्ये यावर एक ओळ नाही. सही करताना मीही कुठे विचारलं म्हणा.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय, मी पावती लिहून देतो." आणि कपाटात रेव्हेन्यू स्टॅम्प शोधायला लागले.