थंदतात पाणी

सहामाही संपली की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांच्या दिवाळीतल्या किल्ल्यासाठी विटा आणि मातीची पोती येऊन पडतात. परवा दुपारी स्कूटर काढायला गेलो तर वाटच बंद. राजगडाचं काम चालू होतं आणि संजीवनी माची नेमकी माझ्या पुढच्या चाकाखाली येत होती म्हणे. थांबलो.

मोठ्या पोरांत दुसऱ्या मजल्यावरचा तीन वर्षांचा पठ्ठ्याही होता, कोपरापर्यंत चिखलात. एरवी हा आमच्यासमोर तोंड उघडत नाही. कसा उघडेल? मूल दिसलं की आपण लगेच तोंडी परीक्षा घ्यायला बसतो. ‘हा कोणता रंग? माऊ कशी करते? सांग ना काकांना!’ काकांना माऊ कशी करते ते चांगलं माहीत आहे, हे त्या पोरालाही कळतं.

इथे कोणालाच त्याची परीक्षा घ्यायला सवड नव्हती. तोच ओरडला, “थंदतात पानी!”

“हो, खंदकात पाणी. तांब्या भरून आण,” एक दादा बुरूज थापता थापता म्हणाला.

झालं. ‘ख म्हण बघू, ख’ वगैरे काही नाही. स्पीच थेरपिस्ट आईबाबांना हेच तर शिकवतात: चूक दाखवत बसू नका, तेच नीट म्हणा, एखादा शब्द वाढवा आणि पुढे चला. ‘क-ख’च्या जागी ‘त-थ’ तीन-साडेतीन वर्षांपर्यंत चालायचंच; ‘र’ आणि ‘ळ’ तर आणखी सावकाश येतात. काही विचारलंच, तर मुलाला उत्तराला वेळ द्यायचा, मध्ये बोलायचं नाही, असंही ते सांगतात. पुण्यात हे जरा अवघड आहे.

आमच्या वाड्यात किल्ला हौदाशेजारी व्हायचा. गोणपाट मातीच्या राड्यात बुडवून विटांवर टाकायचं, वरून हळीव पेरायचे आणि रोज सकाळी उठून कोंब आले का बघायचं. मावळे कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून यायचे. ते हमखास महादरवाजापेक्षा उंच असत, आणि ते मला आजही खपत नाही. हा माणूस गडात शिरणार कसा? परवाही मी तसं बोलून दाखवलं. पोरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पायथ्याशी एक प्लॅस्टिकची जेसीबीही उभी होती. तिच्याबद्दल मग मी काही बोललो नाही.

‘ओतू?’, ‘अजून?’, ‘पडला बुलूज!’ पोराची टकळी चालूच होती. वरून त्याच्या आजीने हाक मारली आणि तो गप्प झाला.

तरी किल्ला म्हणजे औषध नव्हे. आमच्या वाड्यातही एक मुलगा होता, किल्ल्यात सगळ्यांच्या पुढे. मातीत हात घालायचा, हसायचा, बोलायचा मात्र नाही. सगळे म्हणायचे, बोलेल हो, बापही उशिराच बोलला होता. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर आधी कान तपासून घ्यावेत, हे तेव्हा कोणाच्या गावी नव्हतं. त्याला नीट ऐकूच येत नाही हे कळलं, तेव्हा तो शाळेत जायच्या वयाचा झाला होता.