पाय दुखत नव्हता, म्हणून

रक्त मला नाही, आमच्या यांना दिसलं. सकाळीच ओसरी सारवली होती. तिच्यावर माझ्या उजव्या पावलाचे तांबूस ठसे देवघरापर्यंत उमटले होते. "पायाले काय लागलं व?" त्यांनी विचारलं. मी पाय उचलून पाहिला. अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर, जिथं कित्येक वर्षांचा घट्टा होता, तिथं रुपयाएवढी जखम होती आणि तिच्यात गेल्या सालच्या पऱ्हाटीच्या धसकटाचं टोक रुतलेलं होतं. वावरातून येऊन मला दोन दिवस झाले होते. दोन दिवस ते लाकूड पायात घेऊन मी स्वयंपाक केला, अंगणवाडीत उभी राहिले, पाणी भरलं, आणि मला काहीच कळलं नाही.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. घरची चार एकर कोरडवाहू आहे, कपाशी आणि तूर. शुगर निघून नऊ वर्षं झाली. गोळ्या घेत होते, कधी चुकत होत्या. पायांत मुंग्या येत, रात्री तळवे जळत. मग मुंग्याही थांबल्या आणि मला वाटलं, बरं झालं. तेव्हा पाय बधिर होत चालले होते.

त्या जखमेची तयारी मी आधीपासून करत आले होते, हे नंतर डॉक्टरांनी एकेक विचारलं तेव्हा लक्षात आलं. हिवाळ्यात टाचांना भेगा पडल्या, तर सासूबाईंनी बिब्बा गरम करून त्याचं तेल भेगांत भरलं. आमच्याकडे सगळेच करतात. तो बिब्बा उतला, टाचेभोवती फोड आले, आणि तेही मला दिसले म्हणून कळले. आखाडात निंदणाला दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. त्यांना मी हळद आणि खोबरेल लावत राहिले. चिखल्या म्हणजे बुरशी. तिला कोरडेपणा आणि बुरशीचं मलम लागतं, तेलानं बेचकं आणखी ओलं राहतं. आणि शेवटी त्या घट्ट्याला कुरूप समजून मी मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणून आठ दिवस लावली. त्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असतं. ते कातडी मऊ करून सोलतं, पण मेलेली कातडी कुठली आणि जिवंत कुठली हे त्याला समजत नाही. ज्याच्या पायाला जाणीव आहे त्याला आग होते आणि तो पट्टी काढतो. मला आग झालीच नाही. शुगर असलेल्या माणसानं ही पट्टी लावू नये, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

तालुक्याच्या एका दवाखान्यात मी तीन आठवडे ड्रेसिंगला जात होते. रोज धुवायचे, रोज पांढरी पट्टी बांधायचे, इंजेक्शन द्यायचे. मग मी त्याच पायावर चालत बसस्टँडवर यायची. पायावर भार देऊ नका, असं एकदाही कोणी म्हटलं नाही. घट्टा कापला नाही, पायाला जाणीव आहे का हे पाहिलं नाही. जखमेला वास यायला लागला तेव्हा तिथं "बोट काढावं लागंल" हे शब्द निघाले. त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी आमचे हे म्हणाले, "चाल, वर्ध्याले जाऊ."

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात सर्जरीच्या ओपीडीत एक बाई डॉक्टर होत्या. आठवड्यातला एक दिवस त्या पायांच्या पेशंटसाठीच ठेवत. परदेशात नुसत्या पायांचे शिकलेले डॉक्टर असतात, त्यांना पोडियाट्रिस्ट म्हणतात. आपल्या भागात ते काम सर्जन, फिजिओथेरपिस्ट, ड्रेसिंगची सिस्टर आणि चपला बनवणारे कारागीर वाटून घेतात. पुढे मी या चौघांच्याही हातांखालून गेले.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. त्यांच्या हातात नायलॉनचा जाडसर धागा होता. टेकवला की १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. तळव्यावर दहा ठिकाणी लावला, मी चारच ठिकाणी "हो" म्हटलं. मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा चिमटा, वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला. थरथर कळली नाही. घोट्याला आणि दंडाला पट्टा बांधून दोन्हीकडचा रक्तदाब मोजला. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा, तो माझा १ च्या आसपास आला. ०.९ च्या खाली गेला तर पायाला रक्त कमी पोचतं असं धरतात. शुगरवाल्यांच्या नसा कडक होऊन हा आकडा फसवूही शकतो, म्हणून त्यांनी नाडीचा आवाजही मशीनवर ऐकला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर (एचबीए१सी) मात्र १०.२ टक्के, म्हणजे बरीच जास्त होती.

"काकू, रक्त चांगलं येतंय. बोट राहील. पण पाय खाली टेकवायचा नाही," त्या म्हणाल्या.

"पण डॉक्टर, दुखत तर नाही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ब्लेड घेऊन घट्टा कापायला सुरुवात केली. मी पाहत होते. कापत गेल्या तशी जखम आणखी मोठी दिसायला लागली. वरून रुपयाएवढी होती, आत दुप्पट. कडेचा कडक घट्टा खड्यासारखा आत टोचत राहतो, तो काढल्याशिवाय जखम भरत नाही, असं त्या सांगत होत्या.

दहा दिवस गोळ्या घेऊन पू थांबला, मग गुडघ्याच्या खालपासून प्लास्टर घातलं. हाड मोडलेलं नसताना प्लास्टर कशाला, असं मी विचारलं. प्लास्टर पायाला सगळीकडून नीट चिकटून बसतं, त्यामुळे भार एका जागी न पडता पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. शिवाय ते पेशंटला काढता येत नाही, आणि मला वाटतं निम्मं काम त्यानंच झालं. काढता आलं असतं तर मी वावरात गेले असते.

ही रीत कुष्ठरोग्यांच्या पायांवरून आली, हे तिथल्या फिजिओथेरपिस्टनं सांगितलं तेव्हा मी गप्प झाले. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की कुष्ठरोग्यांची बोटं आणि पाय रोगानं आपोआप झडत नाहीत. बधिर पायाच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब आणि इजा होऊन जखमा चिघळतात. आमच्या वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम उभं केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. लहानपणी त्या वाटेनं जाताना आम्ही पदर नाकाला लावायचो. बधिर पायाचं जे दुखणं त्या माणसांचं होतं, तेच आता माझं होतं.

पहिलं प्लास्टर चौथ्या दिवशी बदललं, कारण सूज उतरली की ते सैल होतं. मग दर मंगळवारी. सकाळची एसटी, काठी, पायाला प्लास्टिकची थैली. निंदणाला दोन बाया मजुरीनं लावाव्या लागल्या, त्याचा खर्च औषधांपेक्षा जास्त झाला. एका मंगळवारी सोबत जाऊबाई आल्या. त्यांची टाच सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना सुईसारखी टोचायची, मग चालून चालून कमी व्हायची. त्यांना फिजिओथेरपिस्टनं खाटेवरून उतरण्याआधीच पोटरी आणि तळवा ताणायला शिकवलं आणि पातळ स्लीपर सोडायला लावली. दोन-अडीच महिन्यांत त्यांना बराच फरक पडला.

खांदशेकणीच्या संध्याकाळी मी ओसरीवर पाय पसरून बसले होते. आमचे हे बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते. मग त्यांनी एकेक खूर उचलून पाहिला, नाल ढिली आहे का, मध्ये खडा अडकला आहे का. आमच्या आठवडी बाजारात बैलाच्या पायाचा जाणकार कायम बसतो. माणसाच्या पायाचा जाणकार मला पन्नाशी उलटल्यावर, एसटीनं जाऊन भेटला. दुसऱ्या दिवशी पोळ्याला बैलांना जाऊबाईंनी ओवाळलं.

नवरात्रात मी दरवर्षी नऊ दिवस अनवाणी राहते. या वेळी घटासमोर बसून देवीला सांगितलं की जमणार नाही. रडू आलं. सासूबाई जवळ येऊन म्हणाल्या, "देवी पाय मागते का व? राहू दे." बिब्बा भरणारी तीच माऊली होती.

अकराव्या आठवड्यात प्लास्टर कापलं आणि खाली गुलाबी, पातळ, कोवळी कातडी होती. मी हात जोडले. डॉक्टरांनी लगेच बजावलं की अशा भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. मग कारागिरानं कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं आकार काढला आणि एमसीआर रबराच्या चपला केल्या. अंगठ्यानं दाबलं की ते रबर दबतं आणि परत वर येतं. अंगठ्याचा पट्टा नाही, टाचेमागे पट्टा आहे, तळाला खिळा एकही नाही.

घरासाठी दुसरा जोड केला, आणि खरी अडचण तिथं आली. घरात चप्पल, चुलीपाशी चप्पल, अंगणवाडीत मुलं दाराशी चपला काढतात आणि मॅडमच्या पायात चप्पल. पर्यवेक्षिका बाईंना डॉक्टरांचा कागद दाखवला, त्या समजल्या. घरी ठरलं की हा जोड उंबरा ओलांडणार नाही आणि देवघरात मी पाटावर बसून पूजा करीन.

रात्री कंदिलाएवढ्या उजेडाची एक टॉर्च आणि आरसा घेऊन तळवे पाहते. बेचकी कोरडी करते. टाचांना कातडी मऊ ठेवणारं युरियाचं मलम लावते, ते बेचक्यांत लावत नाही. नखं सरळ कापते, कोपरे खोल काढत नाही, तिथूनच नखुरडं होतं. चप्पल घालण्याआधी झटकते. अंघोळीचं पाणी कोपरानं पाहते, पायानं नाही.

डॉक्टरांनी एक सोपी तपासणी शिकवली होती, तिला काही सामान लागत नाही. समोरच्यानं डोळे मिटायचे. आपण त्याच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी आपल्या हाताच्या बोटाच्या टोकानं हलकेच एक-दोन सेकंद शिवायची, दाबायची नाही. सहापैकी दोन किंवा जास्त कळली नाहीत तर पाय दाखवायला न्यायचा. मागच्या शुक्रवारी शेजारच्या काकू वेचणीहून आल्या. त्यांनाही शुगर आहे. मी म्हटलं, बसा, डोळे मिटा. सहाही बोटं शिवून झाली. त्या डोळे मिटून तशाच बसल्या होत्या.

"लाव ना व बाई लवकर," त्या म्हणाल्या, "मले सैपाक करायचा आहे."

मंगळवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी वर्ध्याला निघतो आहोत.